एका विहिरीचे दोन कौल

बायको, विमल, गेल्यापासून रामकिसनला भूक लागल्याचं कळत नसे. एक वाजला की तो डबा उघडायचा, झाकण लावायचा आणि पुन्हा कामाला बसायचा. डब्यात काय होतं असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. अकोल्याच्या त्या पाणी-तपासणीच्या कचेरीत सुरुवातीला सगळे त्याच्याशी जपून वागत. रडणाऱ्या माणसाला पाण्याचा पेला देता येतो, पाठीवर हात ठेवता येतो. रामकिसन रडत नव्हता. टेबलाशी बसून विहिरींची कार्डं लावत होता. त्यामुळे हळूहळू लोकांनी त्याचा नाद सोडला.

ते साल त्र्याहत्तर. पावसानं लागोपाठ दगा दिला होता आणि सरकार गावोगाव विहिरी मंजूर करत होतं. पण खणण्याआधी प्रत्येक ठिकाणची जमीन तपासायची तर तेवढी माणसं कुठून आणायची? म्हणून पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी एक रीत बसवली होती. कचेरीच्या माणसांनी आधी दोन फेऱ्यांत जिल्हाभर हिंडून, असलेल्या विहिरी मोजल्या. एका विहिरीचं एक कार्ड. जमिनीची उंची किती, मातीचा थर किती, मुरूम कुठवर, नाला किती लांब, हे आकडे, आणि सर्वांत खाली एक शब्द : ‘पाणी’ नाहीतर ‘कोरडी’. मग कुठून नव्या विहिरीचा अर्ज आला, की त्या जागेचेही तेच आकडे घ्यायचे आणि त्यांच्याशी सर्वांत जवळून जुळणारी तीन कार्डं शोधायची. त्या तिघी जिकडे झुकतील तिकडे निकाल. दोघी पाणी म्हणाल्या तर मंजूर, दोघी कोरडी म्हणाल्या तर नामंजूर.

“माणूस कसा आहे हे त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारावं,” साहेब म्हणायचे. “जमिनीचं वेगळं काय आहे?”

रीत बरी होती. बहुतेक ठिकाणी निकाल खरा निघत होता. हँडल फिरवून आकडेमोड करायचं एक यंत्र रामकिसनच्या टेबलावर होतं. त्याच्यावर तो एकेका अर्जाचं अंतर काढत बसे. खर्र खर्र असा त्याचा आवाज. त्या आवाजात बरं वाटायचं असं नाही, पण काही वाटायचं नाही, आणि तेवढं त्याला पुरत होतं.

चैत्राच्या अखेरीला धामणदरीचा अर्ज त्याच्या समोर आला. आसेगावच्या पुढे, नाल्याच्या काठावरचं धामणदरी म्हणजे त्याचं स्वतःचं गाव. अर्ज त्याच्याच वस्तीचा, बौद्धांच्या वस्तीचा. खाली पहिला अंगठा लखमाचा, म्हणजे त्याच्या चुलत आज्याचा. दुसऱ्या कुणाकडे तो अर्ज द्यावा असं त्याच्या मनात आलं नाही. त्याच्या मनात तेव्हा फारसं काही येतच नव्हतं. त्यानं हँडल फिरवलं आणि तीन कार्डं काढली.

पहिलं : धामणदरी, दौलतराव यांची मोटेची विहीर. पाणी.

दुसरं : धामणदरी, दरडीची विहीर. पाणी.

तिसरं : आसेगाव शिवार, रामधन याची विहीर. कोरडी.

दोघींचा कौल पाण्याचा. रामकिसननं अर्जाच्या कोपऱ्यात ‘मंजूर’ लिहिलं आणि कार्डं परत ठेवायला उचलली. दुसरं कार्ड त्याच्या हातातच राहिलं.

दरडीची विहीर हे नाव वस्तीबाहेर कुणी घेत नसे. विहीर दौलतरावांच्या शेताच्या टोकाला होती. त्यांच्या बाजूनं चिरेबंदी बांधकाम, मोटेचं थारोळं, दगडी पायरी. उलट्या अंगाला नाला. तिकडून विहिरीचा काठ खचलेला होता आणि नुसती मातीची दरड उरली होती. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर लखमानं आणि वस्तीतल्या चार जाणत्यांनी त्या विहिरीवर हक्क सांगितला. दौलतरावांच्या वडिलांनी बरंच ताणून धरलं आणि शेवटी एवढंच मान्य केलं, की पाणी भरा, पण नाल्याकडून भरा. तेव्हापासून वस्तीच्या बाया दरडीवर उभं राहून दोर सोडत. गावासाठी ती मोटेची विहीर, वस्तीसाठी दरडीची. पाणी एकच.

मागच्या वैशाखात विमल तिथूनच गेली. पायाखालची दरड सुटली. रामकिसन तेव्हा दौऱ्यावर होता. निरोप त्याला गाठेपर्यंत माती होऊन गेली होती.

त्यानं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. आकडे अगदी एक नव्हते. एक मोजणी पौषातली होती, एक फाल्गुनातली, म्हणून पाण्याची पातळी जरा खाली-वर. नाल्याची बाजू सखल, म्हणून उंचीतही थोडा फरक. दोन फेऱ्यांना दोन वेगळी माणसं गेली होती, एक गावाकडून आणि एक नाल्याकडून. कार्डं पाहणाऱ्या कुणालाही त्या दोन सख्ख्या शेजारणी वाटल्या असत्या.

रामकिसननं एक कार्ड बाजूला सारलं आणि पुढचं, चौथं, जागेवर घेतलं. ते कोरडी म्हणत होतं. म्हणजे आता दोघी कोरड्या आणि एक पाण्याची.

मग पहिली दोन्ही कार्डं घेऊन तो साहेबांच्या खोलीत गेला.

साहेबांनी चष्मा वर सरकवून कार्डं पाहिली. “मग? यात काय?”

“साहेब, या दोन विहिरी नाहीत. एकच आहे.”

“आकडे तर वेगळे आहेत.”

“थोडेच वेगळे आहेत.”

“थोडेच असणार ना! जवळजवळच्या विहिरी एकमेकींसारख्या असतात, म्हणून तर आपली रीत चालते.” साहेब रागावले नव्हते, त्यांना समजावून सांगायची हौस होती. “हे बघ रामकिसन, दोन विहिरी हुबेहूब सारख्या निघाल्या तर तो दोष नव्हे. दोन जणींनी वेगवेगळं येऊन एकच गोष्ट सांगितली, तर आपला भरवसा वाढायला हवा. सारखी दिसली म्हणून एक फाडायची असं केलं, तर चांगले पुरावे आपणच फेकून देऊ.”

“दोघी वेगळ्या असतील तर खरं आहे, साहेब. पण ही एकच बाई दोनदा येऊन बोलली आहे. लुगडं बदलून.”

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. वर्षभरात रामकिसन एवढं लांब वाक्य बोलला नव्हता.

“तुला कसं ठाऊक?”

“माझं गाव आहे.”

साहेबांना बाकीचं ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. ते म्हणाले, “नुसत्या सांगण्यावर कार्ड काढता येणार नाही. जाऊन मोजून ये. दोन्ही बाजूंनी मोज. एक असेल तर एक. दोन असतील तर माझं म्हणणं खरं.”

अशा रीतीनं रामकिसनला गावी जावं लागलं.

मंगरूळला एसटी बदलून तो आसेगावला उतरला आणि पायी निघाला. ऊन असं होतं की पळसाची पानंसुद्धा गुंडाळून आली होती. वाटेत बाबूसिंगाची बैलगाडी भेटली. बाबूसिंगानं “बस ना गा” म्हणून बोलावलं, हा बसला. बाबूसिंग वाटभर कापसाच्या भावाचं बोलत राहिला. रामकिसन हूं हूं करत होता. गाव जवळ येईल तसं छातीत काहीतरी होईल, असं त्याला वाटलं होतं. काही झालं नाही. नाला आला, बाभळी आल्या, वस्तीची कौलं दिसली.

गोजराबाई, त्याची माय, दारात तूर पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं, उठली, आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

“वाळला रे बाबू तू.”

“नाई व माय.”

“बस. पाणी आणतो.” गोजराबाई घरात पुरुषासारखंच बोलायची, वऱ्हाडात पुष्कळ बाया बोलतात तशी. पाण्याचा लोटा देताना तिनं विचारलं, “सुट्टीवर आला का कामावर?”

“कामावर. विहीर मोजाची हाय. दरडीची.”

गोजराबाई पुन्हा दारात बसली. मग म्हणाली, “मोजली ना फागणात. एक माणूस आल्ता नाल्यानं, टोपी घालून. मले म्हणे, बाई, ही विहीर कोन्ती? मी म्हणलं, दरडीची. आमी तेच म्हणतो.”

“तूच सांगतलं का?”

“मीच सांगतलं. माही सून इथीच गेली, हेई सांगतलं त्याले.” तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “ते लिवलं का त्यानं?”

“नाई.”

“जागा नसंल कागदावर,” ती म्हणाली आणि पाखडायला लागली.

उन्हं जरा कलल्यावर रामकिसन टेप घेऊन निघाला. आधी गावाच्या अंगानं गेला. दौलतराव शेतातच होते. साठीला टेकलेला माणूस, अंगात बंडी, डोक्याला पंचा. बापासारखा ताठा त्यांच्यात नव्हता. वस्तीतल्या माणसाला पाहून काय बोलावं हे त्यांना सुचत नसे, आणि रामकिसनला पाहून तर मुळीच सुचलं नाही.

“आला का रे रामकिसन. चहा ठेवाले सांगू?”

“नको जी. विहीर मोजून घेतो.”

“मोज बाप्पा. मोज.”

रामकिसननं थारोळ्यावरून टेप सोडली. दौलतरावांनी न सांगता दुसरं टोक धरलं. घेराचं माप झालं, खोलीचं झालं. मग तो वळसा घालून नाल्याकडून आला आणि दरडीवर उभा राहिला. दौलतराव पलीकडच्या काठावरून पाहत होते. एका काठावर ते, एका काठावर हा, मधे खोल कुठंतरी थाळीएवढं पाणी. रामकिसननं वाकून टेप सोडली.

“जपून गा!” दौलतराव एकदम ओरडले.

रामकिसननं मान वर केली. दौलतराव काठाशी पुढे आले होते.

“माह्या मनात होतं,” ते पलीकडून म्हणाले. “तिकडून कठडा बांधाचा. तवाच मनात होतं. मंग हे साल असं निंगालं, मंग ते...” पुढचं त्यांनी सोडून दिलं.

रामकिसननं आकडे टिपले. खोली तीच, घेर तोच. विहीर एकच होती, आणि हे मोजल्याशिवाय न कळायला तो काही परका नव्हता. विमल कुठं उभी असेल, दोर कोणत्या हातात असेल, याचा विचार करून पाहावा असं त्याला वाटलं. केला. चित्र डोळ्यांपुढे आलं आणि दुसऱ्याच कुणाचं तरी आहे असं वाटत राहिलं. त्यानं टेप गुंडाळली.

वस्तीत परतला तर लखमा त्याची वाट पाहत बसला होता. लखमाचं वय झालं होतं, नजर गेली होती, पण पाठ सरळ होती. शेजारी रंगूबाई, त्याची सून, आणि आणखी दोघंतिघं.

“जय भीम, आजा.”

“जय भीम. ये, बस. आमच्या अर्जाचं काय झालं, ते सांग. तुह्याच कचेरीत गेला म्हणते.”

रामकिसननं लपवलं नाही. लपवायला जी धडपड लागते ती त्याच्याजवळ नव्हती. त्यानं तीन विहिरींची रीत सांगितली, दोन कार्डं सांगितली, आणि एक काढली तर काय होतं तेही सांगितलं.

सगळे ऐकत होते. रंगूबाईला आधी समजलं नाही. “म्हंजे आता मंजूर हाय ना?”

“आता हाय. एक कार्ड काढलं का मंग नाई.”

“मंग काढू नको!”

“साहेबानं मोजाले धाडलं, काकी.”

“मंग सांग, दोन हायेत म्हणून. तुले कोण पाह्याले येऊन राह्यलं इथी?”

लखमानं हात वर केला तशी ती थांबली. म्हातारा सावकाश बोलला. “रामकिसन, ऐक. या गावानं आमाले जनमभर अर्धं मोजलं. मजुरी अर्धी, जागा अर्धी, विहिरीचाई अर्धाच काठ देल्ला. एका खेपीला कोणाच्या तरी हातून दुप्पट मोजल्या गेलं. चुकीनं का होईना. तं तेवढंच तुले खुपलं का?”

लखमाचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि विहीर एक होती हेही खोटं नव्हतं.

“आजा,” रामकिसन म्हणाला, “दोनदा लिवल्यानं खाली पाणी दोनदा येत नाई. इथी खडक असंल तं मंजुरी येऊनई खडकच लागंल. वर्ष जाईल तुमचं, अन् सरकार म्हणंल, देल्ली ना एक विहीर.”

“असंल,” लखमा म्हणाला. “अन् नसंल?”

“नसंलई.”

“मंग?”

“मले ठाऊक नाई.”

लखमा उठला. काठी चाचपत म्हणाला, “तुही बायको गेली तिथी. तिच्यासाठी तरी तू गप बसशील, असं मले वाटलं होतं.” आणि घरात गेला. रंगूबाईही उठली. अंगणात रामकिसन एकटाच राहिला. एवढा घाव बसल्यावर माणसाला दुखायला पाहिजे, हे त्याला कळत होतं.

गोजराबाईनं त्याला भाकर वाढली. तिनं सगळं ऐकलं होतं, पण तिनं हे कर, ते कर म्हटलं नाही. एवढंच विचारलं, “तू दोन म्हणला, तं तुले झोप येईल का?”

“मले झोप येते, माय. तेच तं हाय. कशानंई येते.”

गोजराबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि ताटात आणखी थोडं तिखट वाढलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यानं साहेबांपुढे मापं ठेवली. “एकच आहे.”

साहेबांनी दोन्ही कार्डं समोर घेतली. “म्हणजे एक काढायचं. कोणतं?”

हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. साहेबांनीच ठरवलं. “मालकाच्या नावाचं राहू दे. दुसरं काढ. उगाच घोळ नको.”

रामकिसननं निळी पेन्सिल घेतली आणि ‘दरडीची विहीर’ या नावावर रेघ ओढली. रेघ ओढून झाल्यावर तो तिथंच उभा राहिला, साहेबांनी “आणखी काही?” असं विचारेपर्यंत.

“साहेब, उरलेल्या कार्डावर तेही नाव लिहू द्या. विहीर एक, पण नावं दोन आहेत. उद्या पुन्हा कुणी नाल्याकडून गेला तर पुन्हा नवं कार्ड करील.”

साहेबांना ते पटलं. “लिही. आणि असं बघ, ही एकच अशी असेल कशावरून? सगळ्यांना लावून पाहायला हवं.”

मग महिनाभर कचेरीत तेच काम चाललं. ज्या कार्डांचे आकडे एकमेकांच्या अगदी अंगाला लागून होते, ती जोडीजोडीनं काढायची आणि गावोगाव माणूस पाठवून विचारायचं, या दोघी आहेत की एकच? काही खरोखरच दोघी निघाल्या. कारंज्याजवळ दोन भावांनी एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकाच साली खणलेल्या विहिरी होत्या, पाण्याची चवसुद्धा एक. त्यांची दोन्ही कार्डं तशीच ठेवली, कारण त्या दोन साक्षी होत्या. पण काही ठिकाणी एकच विहीर दोन नावांनी बसलेली सापडली. किन्हीराजाकडच्या एका तांड्याचा अर्ज आधी नामंजूर झाला होता. तिथं एकच कोरडी विहीर दोनदा मोजली गेली होती, बापाच्या नावानं आणि मुलाच्या नावानं. तिचं एक कार्ड काढल्यावर निकाल फिरला. तांड्याला विहीर मंजूर झाली, आणि पुढे तिला पाणीही लागलं. तांड्याचा नाईक रामसिंग कचेरीत पेढे घेऊन आला. त्यानं सगळ्यांना वाटले. रामकिसनलाही दिला. रामकिसननं खाल्ला.

धामणदरीला नकाराचं पत्र जायच्या आधी तो स्वतः गेला. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. रंगूबाईनं त्याला पाहून दार लोटून घेतलं. लखमा अंगणात होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं.” मग म्हणाला, “तरी आमी खणतो.”

“आजा, तिघींत दोघी कोरड्या म्हणते.”

“एक तं पाण्याची म्हणते ना? तिच्यावर खणतो.”

आणि वस्तीनं खरंच खणायला घेतलं. दिवसा मजुरीवर जायचं आणि उन्हं उतरली की कुदळी घ्यायच्या. पुढच्या रविवारी रामकिसन अकोल्याहून आला, सदरा काढून खुंटीला लावला आणि खड्ड्यात उतरला. त्याला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. खेमा नावाचा त्याच्याच वयाचा गडी खाली होता. त्यानं एक घमेलं त्याच्याकडे सरकवलं. इथं पाणी लागायचं नाही असं रामकिसनला वाटत होतं. तरी तो दर रविवारी येत राहिला. आपण कशासाठी येतो, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

माती गेली, मुरूम लागला, मुरूम गेला आणि काळा खडक लागला. त्यावर पहार मारली की ठणका थेट खांद्यात यायचा. सुरुंगाशिवाय पुढे जाणं नव्हतं आणि सुरुंगाला कुणाजवळ काही नव्हतं. तरी आणखी दोन रविवार त्यांनी खडकाशी डोकं फोडून पाहिलं. एके ठिकाणी दगड ओलसर लागला तेव्हा रंगूबाईनं वर येऊन बायांना हाका मारल्या. तो ओलावा दुसऱ्या दिवशी सुकला.

लखमाला काठावर बसवलं होतं. रामकिसन खालून वर आला आणि त्याच्याजवळ बसला.

“खडकच का?”

“खडकच.”

लखमानं मान हलवली. “तुह्या दोघी खऱ्या बोलल्या तं.” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. “दोन केल्या असत्या तं सरकारच्या पैशानं हाच खडक लागला असता.”

“हो.”

“तरी मले राग हाय तुहा.”

“राहू दे, आजा.”

खड्ड्याभोवती फोडलेल्या दगडांचा ढीग पडला होता. त्याचं काय करावं, हे कुणी ठरवलं नव्हतं. त्याच आठवड्यात दौलतरावांनी गाडीभर चुना आणि वाळू नाल्याच्या काठावर आणून टाकली. सोबत आले नाहीत, गड्याजवळ एवढंच सांगून पाठवलं, की दगड तुमच्याकडे हायेत म्हणते. लखमाचा मुलगा म्हणाला की परत पाठवू. गोजराबाई पहिल्यांदाच मधे बोलली. “परत काहून? बाया तुमच्या जाते तिथी.”

दरडीच्या बाजूचा कठडा रामकिसननं आणि खेमानं मिळून बांधला. कोरड्या खड्ड्यातला काळा दगड, दौलतरावांचा चुना. बांधताना रामकिसननं एक दगड हातात घेतला, तो बसेना. फिरवून पाहिला, तरी बसेना. तेव्हा अचानक त्याला आठवलं, की विमल चुलीचे दगड मांडताना असाच एक दगड फिरवत बसायची आणि बसला नाही की त्यालाच रागवायची. “मेल्या, बस ना!” दगडाला म्हणायची. तिचा आवाज त्याला ऐकू आला, अगदी चुलीजवळून यावा तसा. वर्षभरात पहिल्यांदा. तो थांबला.

“काय झालं गा?” खेमानं विचारलं.

“काई नाई. तो बारका दगड दे.”

रडू आलं नाही. पण त्या दिवशी दुपारी त्यानं मायच्या हातची भाकर मागून घेतली, आणि ठेचा तिखट लागतो म्हणून पाणी मागितलं. गोजराबाईनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

कोरड्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचलं आणि दिवाळीपर्यंत राहिलं. बाया त्यावर धुणी धूत. लखमा पंच्याहत्तरच्या थंडीत गेला. त्यानंतर बोअर पाडायच्या सरकारी यंत्राची गाडी तालुक्यात आली. तिला विहिरींचे शेजार विचारायचे नव्हते. ती खडक फोडून खोल खोल जात होती. गावात एक हातपंप बसला, वस्तीत एक. रामकिसनची तोवर बुलढाण्याला बदली झाली होती. रजेवर आला तेव्हा रंगूबाई पंपावर होती. तिनं त्याला पाहिलं, अर्ध्या भरलेल्या हांड्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “पंप मार जरा. माहे हात भरून आले.”

त्यानं पंप मारला. पाणी लोखंडाच्या वासाचं होतं, थोडं खारट. रंगूबाई हांडा डोक्यावर घेऊन निघाली. चार पावलं गेल्यावर तिनं न वळता विचारलं, “जेवाले येशील का सांजीले?”

“येतो काकी,” रामकिसन म्हणाला.